चाळीस मीटर काहीच नाही

१. टाळ्या

गुरुवारी सकाळी अकरा वाजता पाहुण्यांनी दोरी ओढली, चाळीस मीटर लांबीचं हिरवं कापड सरसरत खाली आलं, आणि त्याच्या मागे काहीच नव्हतं.

म्हणजे भिंत होती. दोन माणसं उंच, राखाडी, कोरी. पण ज्या शिल्पासाठी दोनशे खुर्च्या मांडल्या होत्या, ते शिल्प नव्हतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगली दीड मिनिटं वाजवल्या, कारण आधी कुणी थांबायचं हे ठरलेलं नव्हतं. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ डोळे मिटून म्हणाले, "काय रिक्तता आहे!" शेजारच्या बाईंनी तो शब्द वहीत लिहून घेतला.

माईक माझ्या हातात होता. मी बिल्डरचा जावई. मला दुसरं काही येत नाही असं घरात एकमताने ठरल्यामुळे सूत्रसंचालन माझ्याकडे असतं. मी म्हणालो, "कलाकाराने आपल्याला विचार करायला जागा दिली आहे." जागा भरपूर होती.

आणि खोटं कशाला बोलू, टाळ्या मीही मनापासून वाजवल्या. अशी भिंत मी जन्मात पाहिली नव्हती. समोरच्या झाडाची सावली तिच्यावर पडली होती आणि इस्त्री करून ठेवल्यासारखी दिसत होती. कुठे सुरकुती नाही, कुठे मुरड नाही. बघता बघता मला आपण थोडे वाकडे उभे आहोत असं वाटायला लागलं.

मग शिल्पकारबाई उठल्या. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी भिंतीला तळहात टेकवला आणि गर्दीत हरवलेलं मूल शोधावं तशा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या. परत आल्या आणि हळूच विचारलं, "माझं काम कुठंय?"

उरल्यासुरल्या टाळ्याही थांबल्या.

माझे सासरे खुर्चीतून उठत म्हणाले, "मला विचारताय? एकोणीस महिने त्या कापडामागे तुम्ही होतात की मी?"

२. टेप

इथे आमच्या शहराचा नियम सांगायला हवा. बारा मजल्यांच्या वर बांधणाऱ्या प्रत्येक खाजगी बिल्डरने बांधकामाच्या खर्चातला एक टक्का सार्वजनिक कलेवर घालायचा. ती कला रस्त्यावरून, कुणाची परवानगी न घेता, कुणालाही दिसली पाहिजे. नियमाचं पालन बघायला महापालिकेत कला-कक्ष आहे. कला कशी मोजायची हे तिथे कुणालाच माहीत नसल्यामुळे बांधकाम मोजणी खात्यातल्या एका बाईंची तिकडे बदली केली आहे. त्यांना सगळे टेपताई म्हणतात.

टेपताई दुपारी एकट्याच आल्या. खांद्याला पिशवी, हातात टेप. त्यांनी मला नियम समजावला आणि पुढची बातमी दिली.

"शनिवारी चारला समिती येणार. भिंतीवर काम दिसलं नाही तर बाईंचं नाव फसवणुकीच्या यादीत. कायमचं. आजवर केलेल्या सगळ्या कामांवरच्या पाट्याही काढतील."

"पण ताई, तुम्ही तर काम तपासून पास केलं होतंत. पंधरा दिवसांपूर्वी."

"मी कापड मोजलं," टेपताई शांतपणे म्हणाल्या. "चाळीस बाय साडेतीन. नियमात कलाकृती मोजावी असं लिहिलंय. बघावी असं लिहिलेलं नाही."

"आत डोकावला नाहीत?"

"बाई म्हणाल्या, उद्घाटनाआधी नको. मी कापडाखालून टेप सरकवून फूटपाथची रुंदी घेतली आणि निघाले. फाईलला एक फोटो आहे, हा बघा."

मी बघितला. भिंतीला ओल आल्याचा फोटो होता.

"ही कलाकृती?"

"बाईंनीच दिला. म्हणे, एवढाच देते, फोटोत ते मरतं."

मग त्या खाली बसल्या, फूटपाथच्या कडेपासून भिंतीपर्यंत टेप लावली, वाचली, पुन्हा लावली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आधी फक्त सासऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं, जमिनीचा नकाशा उघडताना.

"जावई," त्या म्हणाल्या, "शिल्पाचं नंतर बघू. तुमच्या फूटपाथचे पंधरा दिवसांत पाच सेंटिमीटर कमी झालेत. ते आधी कुठे गेले?"

३. ज्यांना फायदा होता

शुक्रवारी सकाळी टेपताईंनी एकेकाला गाठायला सुरुवात केली. मला बरोबर घेतलं. माझ्यासमोर लोक खोटं बोलायचे कष्ट घेत नाहीत, असं कारण त्यांनी दिलं.

पहिले सासरे. ते आम्हाला गोदामात घेऊन गेले आणि तिथे कशावर तरी टाकलेली ताडपत्री त्यांनी स्वतः बाजूला केली. आत दोन डॉल्फिन होते. फायबरचे, निळे, एकमेकांकडे बघून हसणारे.

"बाबा, हे कधी आणलंत?"

"दोन वर्षं झाली. बाईंचं बिनसलं तर हाताशी असावेत म्हणून. यांच्या तोंडातून पाणी येतं. तुमच्या बाईंच्या भिंतीतून काय येणार होतं?"

"म्हणजे शिल्प गेलं तर तुमची सोय झालेली आहे," टेपताई म्हणाल्या.

सासरे लाल झाले. "अहो ताई, मी बिल्डर आहे! काही पाडलं तर मी त्याच्या जागी मजले चढवतो. कोरी भिंत ठेवून मला काय मिळणार? आणि ती भिंत पाहिलीत? अठरा मजल्यांत एवढी सपाट भिंत मला कुणी दिली नाही. माझ्या स्वतःच्या बेडरूममध्ये कपाट टेकवलं की डुगडुगतं!"

दुसरे आर्किटेक्ट. ते पायापासून चष्म्यापर्यंत काळ्या कपड्यांत असतात. टेबलावर एक पांढरा कागद होता आणि त्यावर काही नव्हतं.

"मला विचाराल तर भिंत आता योग्य झाली आहे," ते म्हणाले. "मी कोरीच काढली होती. एक टक्क्याच्या नियमाने माझं शंभर टक्के बिघडवलं."

"मग तुम्ही दुरुस्त केलीत?"

"मी? मला खिळा ठोकता येत नाही. बायकोला विचारा."

टेपताईंनी तसं लिहून घेतलं, आणि खरंच फोन करून विचारलं. बायको तब्बल दहा मिनिटं बोलत होती.

रखवालदार म्हणाला, "पंधरा दिवसांत परकं कुणी नाही आलं ताई. एक ट्रक नाही, मशीन नाही, ठोकाठोक नाही. आपलीच माणसं काय ती आत-बाहेर."

"राडारोडा? तुकडे? धूळ?"

"काही म्हणजे काही नाही."

चाळीस मीटर काँक्रीटचं शिल्प, आणि जाताना धूळही सांडली नाही. मला हसू यायला हवं होतं, पण अंगावर काटा आला.

शेवटी शिल्पकारबाई. एक खोली, एक खिडकी, भिंतीशी अवजारं. आम्हाला चहा देताना त्यांनी कप दोन्ही तळहातांत धरला, कारण बोटं मिटत नव्हती.

"पंधरा दिवस यांच्याच उपचारांसाठी गेले," त्या म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले, एवढी वाट लावून घेतलीत तर आधीच यायचं होतं. मी म्हटलं, आधी आले असते तर काम राहिलं असतं."

"बाई, विचारावं लागतंय," टेपताई म्हणाल्या. "तुम्ही याआधी दोन कामं स्वतःच्या हाताने फोडली आहेत."

"तीन. एक कुणाला माहीत नाही." त्या हसल्या. "ती वाईट होती. हे नव्हतं. आणि आता फोडायचं म्हटलं तरी हातोडा कुणाच्या बापाच्या हाताने धरू?"

"होतं काय त्यात?" मी विचारलं. दोन वर्षांत हे विचारणारा मी पहिलाच होतो, आणि त्याची मला लाज वाटली.

बाई खिडकीकडे बघत बोलल्या. "तुमच्या बिल्डिंगसमोरचा रस्ता आहे ना, त्याच्याखाली नदी आहे. पाईपात घातली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमच्या दारातून तिचा एवढाच भाग दिसायचा, त्या वळणापासून या वळणापर्यंत. चाळीस मीटर. मी पाणी केलं. नुसतं पाणी. माणूस नाही, होडी नाही, मासा नाही. खोली कुठे दोन बोटं, कुठे तीन. साच्याला हाताने माती लावून ओतून घेतलं, घासलं, आणि वर तीनदा मेण दिलं, पावसापाण्याने खराब होऊ नये म्हणून."

त्यांनी हात हवेत उचलला आणि आडवा नेला. न मिटणारी बोटं हलली, आणि शपथेवर सांगतो, त्या खोलीत माझे पाय गार पडले.

टेपताई मात्र उभ्याच राहिल्या होत्या. "दोन बोटं, तीन बोटं," त्या पुटपुटल्या. "जावई, चला. मला एका भिंतीवर टकटक करायची आहे."

४. आवाज

भिंतीपाशी येऊन त्यांनी बोटाच्या पेराने टकटक केली. बद्द. दोन पावलं पुढे. बद्द. मधोमध, बद्द. मग कोपऱ्याला वळून बाजूच्या भिंतीवर वाजवलं. टण्ण.

"ऐकलंत?"

"रस्त्याकडची पोकळ आहे."

"काल सगळे विचारत होते, शिल्प नेलं कुणी? नेणाऱ्याला ट्रक लागतो, तुकडे पडतात. इथे काहीच पडलं नाही. उलट फूटपाथ कमी झाला. म्हणजे काही नेलेलं नाही, आणलेलं आहे. भिंतीला पाच सेंटिमीटरची कातडी आली आहे, जावई. नदी आत आहे."

मी भिंतीकडे बघितलं. ती माझ्याकडे निर्विकारपणे बघत होती.

"पण हे केलं कुणी?"

टेपताईंनी पिशवीतून बॅटरी काढली, भिंतीला चिकटवून आडवी धरली आणि पेटवली. भिंत सावलीत होती. उजेडाचा पट्टा भिंतीला घासत पार लांब गेला. त्याच्या वाटेत एक पुसटशी सावलीही उठली नाही. एक दाणा नाही, एक खळगा नाही.

"तीस वर्षं भिंती मोजतेय," त्या शेवटी म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज खाली आला होता. "असं काम करणारा माणूस या शहरात फार तर एक असेल. चोर सहसा खुणा पुसतो. याने जी खूण पुसली तीच याची सही आहे. तुमच्या सासऱ्यांनी सकाळी ओरडून सांगितलं, अठरा मजल्यांत अशी भिंत नाही. खरंच कुठेच नाही?"

मी आठवून बघितलं. "तळमजल्याचा हॉल. तिथे खास माणूस बोलावला होता. मागच्याच आठवड्यात."

"आपलीच माणसं," टेपताई म्हणाल्या. "रखवालदाराने शब्दशः खरं सांगितलं. कोण तो?"

"ओळंबा मिस्त्री."

५. कबुली

ओळंब्याला लावलेल्या दोरीसारखाच माणूस होता, उंच आणि सरळ. दुसऱ्या एका साइटवर सापडला. टेपताईंना बघितलं आणि हातातला गिलाव्याचा रंधा त्याने खाली ठेवला.

"मला माहीत होतं कुणीतरी येणार," तो म्हणाला. "चार दिवस डोळ्याला डोळा नाही. केलंय मी ते."

"काय केलंत?"

"ती भिंत पोकळ वाजते." त्याने मान खाली घातली. "चाळीस वर्षांत माझी एक भिंत पोकळ वाजलेली नाही. मजुरी नको मला. उतरवून परत करून देतो."

मी आणि टेपताईंनी एकमेकांकडे बघितलं. माणूस गुन्हा कबूल करत होता, फक्त भलताच.

"उस्ताद, आधीपासून सांगा," टेपताई म्हणाल्या.

"हॉल झाला. सामान बांधत होतो. मग निरोप आला की रस्त्याकडची भिंत सगळं शहर बघणार आहे. म्हणून कापड उचलून आत गेलो." तो थांबला. तिथलं आठवूनच त्याला कसंतरी होत होतं. "ताई, कसं सांगू. इतकी वाईट भिंत मी बघितली नव्हती. फुगवटा, खळगा, फुगवटा, खळगा, या टोकापासून त्या टोकापर्यंत! ज्याने केली त्याने पट्टी म्हणून लावली नव्हती. म्हटलं, हे उद्या लोक बघणार. गवंड्याच्या जातीला तोंड दाखवायला जागा राहायची नाही. तीन माणसं लावली आणि पाच दिवसांत झाकून टाकली."

"टाचे मारलेत?" टेपताईंचा आवाज एकदम बदलला. "गिलाव्याआधी?"

मला कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं, "काँक्रीटवर गिलावा धरावा म्हणून आधी छिन्नीने सगळीकडे टाचे, म्हणजे बारीक खाचा, मारतात. हजारो. मारले असतील तर नदी संपली."

मिस्त्रीने नकारार्थी मान हलवली. "तेच तर! मारणार होतो. छिन्नी हातात होती. पण ठोकाठोक करायची नाही असं बजावलं होतं, वरच्या नमुना फ्लॅटमध्ये कुणाच्या तरी सासूबाईंची अर्धशिशी उठली होती. आणि ती भिंत पाणी पिईना, मेणकटासारखी. शेवटी वरून कोंबडीजाळी टांगली, पडदा टांगतात तशी, आणि गिलावा तिच्यावर चढवला. भिंतीला धरलेलाच नाही तो. म्हणून पोकळ वाजतो."

टेपताईंनी डोळे मिटले आणि श्वास सोडला.

"उस्ताद, शेवटचं. निरोप कुणी दिला? भिंत बघणार म्हणून, आणि ठोकाठोक नको म्हणून?"

मिस्त्रीने बोट केलं. त्याच्या बोटाच्या सरळ रेषेत बघितलं तर तिथे मी होतो.

६. जावई

मला आठवलं. त्या आठवड्यात मी इलेक्ट्रिशियनला, माळ्याला, खुर्च्यावाल्याला, दिसेल त्याला तेच सांगत सुटलो होतो, "गुरुवारी ही भिंत सगळं शहर बघणार आहे, लाज राखा." आणि लगेच, "आवाज नको, आमच्या सासूबाई वर आहेत." एक वाक्य मी उत्साहाने बोललो होतो आणि दुसरं भीतीने. पहिल्याने नदी पुरली, दुसऱ्याने वाचवली. माझ्या हातून आयुष्यात एवढं मोठं काम कधी झालं नव्हतं आणि मी त्या दोन्ही वेळी दुसऱ्याच विचारात होतो.

सासऱ्यांना सांगितलं. "जावईबापू," ते म्हणाले, "तुम्हाला मुलगी दिली तेव्हाही माझी अशीच तंद्री लागली होती."

शनिवारी सकाळी परांची पुन्हा उभी राहिली. शिल्पकारबाई समोर खुर्चीत, तळहात मांडीवर उताणे. ओळंबा मिस्त्री त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बाई, मला वाटलं ते चुकून झालंय."

"कुठून सुरुवात केलीत?" बाईंनी विचारलं.

"डावीकडून."

"तिथे पाणी खडकाला लागतं. तुम्हाला काय वाटलं हाताला?"

मिस्त्रीने डोळे मिटले. हात आपोआप वर गेला. "तिथे... तिथे माझा हात दोनदा परत आला. पट्टी लावताना. म्हटलं, इथे भिंत ढकलतेय का काय मला."

बाईंच्या चेहऱ्यावर एकोणीस महिन्यांची थकावट पहिल्यांदा थोडी सैल पडली. "तुम्हीच उतरवा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका."

मिस्त्रीने वरून जाळी कापायला घेतली. दोन माणसं वर, चार खाली, मध्ये दोर. गिलाव्याचा पहिला पत्रा दाराएवढा भिंतीपासून सुटला, एक सुस्कारा टाकल्यासारखा आवाज झाला, आणि तो हळूहळू खाली आला. मेणाने आपलं काम केलं होतं. मागे एक ओरखडा नव्हता.

मी पाणी पुष्कळ बघितलंय. पण पाणी थांबून आपल्याकडे बघतंय असं आधी कधी झालं नव्हतं. राखाडी काँक्रीट, दोन-तीन बोटांची खोली, बस. आणि तरी ते वाहत होतं. दुपार कलली, ऊन भिंतीला घासून आडवं येऊ लागलं, एकेक पत्रा उतरत गेला तशी नदी उजवीकडे सरकत गेली. डावीकडे ती खडकाला लागून फुटत होती, मधे सावकाश झाली होती, आणि शेवटच्या पाच मीटरांत वळणाची चाहूल लागून तिने वेग घेतला होता. सासरे भिंतीसमोर येऊन उभे राहिले. हात पाठीमागे. बऱ्याच वेळाने म्हणाले, "याच्यावर मी अठरा मजले ठेवलेत?" आणि आवाज असा होता, जणू ते बिल्डिंगची माफी मागत होते.

मिस्त्री परांचीवरून उतरला. भिंतीपाशी गेला. बाईंनी मान हलवून परवानगी दिल्यावर त्याने तळहात टेकवला आणि जिथे सगळ्यात मोठा फुगवटा होता तिथून अगदी हळू फिरवत नेला. त्याच्या हाताने आयुष्यभर एकच प्रश्न विचारला होता, किती काढायचं. तो हात शेवटपर्यंत गेला आणि रिकामाच परत आला.

"काही काढण्यासारखं नाही," तो म्हणाला. एवढंच. बाईंनी त्यानंतर डोळे पुसले.

बरोबर चारला समितीचे अध्यक्ष आले. त्यांना पाठीमागे सगळे पूर्णविराम म्हणतात. ते आले की विषय संपतो. काखेत फाईल होती. त्यात बाईंचं नाव यादीत घालायचा आदेश टाईप होऊन तयार होता, फक्त सही बाकी होती. बाई खुर्चीतून उठल्या नाहीत. त्या फक्त त्यांच्याकडे बघत होत्या.

अध्यक्ष फूटपाथच्या डाव्या टोकाशी थांबले. भिंतीकडे बघितलं. ऊन आता पूर्ण आडवं झालं होतं. त्यांनी पेन उघडलं होतं ते बंद केलं. मग ते वाकले, पँटचे पाय घोट्याच्या वर दोनदा दुमडले, फाईल भिजू नये म्हणून दोन्ही हातांनी डोक्यावर धरली आणि जपून पाऊल टाकत, मधे जिथे खोल आहे तिथे जरा कडेकडेने, चाळीस मीटर पलीकडे गेले.

कुणी हसलं नाही. त्यांच्या मागून टेपताई निघाल्या. त्यांनी चपला हातात घेतल्या होत्या.